ठिपक्यांचं मांजर घोटीत आणायचं, तर

गेल्या दिवाळीत इगतपुरी तालुक्यातल्या घोटीत एका भातगिरणीवाल्यांच्या मुलाने मला मोबाइलवर एक पिल्लू दाखवलं. सोनेरी अंग, त्यावर काळसर गुलाबाकृती ठिपके, डोळे हिरवे. खाली जाहिरात : ‘बेंगाल किटन, एफ-१, लेपर्ड ब्लड, ७५,००० रुपये, घरपोच’. पोराने निम्मे पैसे साठवले होते, निम्मे वडिलांकडून मिळणार होते. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं, की किंमत बरोबर आहे का. हा लेख त्याच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगत बंगले आणि फार्महाउस वाढत आहेत आणि त्यांच्याबरोबर असल्या मांजरांची विचारपूसही वाढते आहे, म्हणून ते सगळ्यांसाठी लिहितो आहे.

आधी ती जाहिरात वाचू. ‘लेपर्ड’ म्हणजे इथे बिबट्या नव्हे. बेंगाल मांजराचा बिबट्याशी काहीही संबंध नाही. संबंध आहे तो ‘लेपर्ड कॅट’ या आशियातल्या लहानशा रानमांजराशी. त्याचं शास्त्रीय नाव प्रियोनायलुरस बेंगालेन्सिस, आणि त्यातूनच जातीला ‘बेंगाल’ हे नाव मिळालं. ही जात बंगाल प्रांतात तयार झालेली नाही. अमेरिकेतल्या जीन मिल या बाईंनी १९६३ मध्ये पहिला संकर घडवला, पुढे १९८० च्या सुमारास पुन्हा नेटाने काम सुरू केलं. त्यांना तेव्हा काही संकरित माद्या मिळाल्या त्या विलार्ड सेंटरवॉल या संशोधकाकडून. तो मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होता. ‘टिका’ या आंतरराष्ट्रीय मांजर-संस्थेने १९९१ मध्ये बेंगालला स्पर्धेत उतरण्याचा पूर्ण दर्जा दिला.

या इतिहासातला एक धागा आपल्या देशात येऊन पोचतो. माद्या होत्या, पण संकराचे पहिले नर वांझ निघतात, त्यामुळे मिलबाईंना चांगला बोका हवा होता. तो त्यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात भटकणाऱ्या साध्या मांजरांत सापडला. सोनसळी, ठिपकेदार, वंशावळीचा कागद नसलेला. ‘टोरी ऑफ दिल्ली’ या नावाने तो अमेरिकेत नोंदला गेला. बेंगालच्या केसांवर उन्हात जी चमक दिसते, ज्या चमकेसाठी आज जास्त पैसे मागतात, तिचं मूळ बऱ्याच अंशी या दिल्लीच्या बोक्याकडे जातं. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याचा उपयोग आहे.

आता ‘एफ-१’. रानमांजर आणि घरमांजर यांचं थेट पिल्लू म्हणजे एफ-१, अर्धं जंगली. त्याचं पिल्लू एफ-२, पाव हिस्सा. एफ-३ मध्ये साडेबारा टक्के. चौथ्या पिढीपासून पुढे जातीच्या नियमाप्रमाणे बेंगालला घरात पाळायचं मांजर मानतात. तिसऱ्या पिढीपर्यंतचे नर बहुधा वांझ असतात, आणि या पिढ्यांची जनावरं बिथरतात, लपून राहतात, घरभर मूत्र फवारतात. अनुभवी पैदासकारसुद्धा सहसा ती पाळीव म्हणून विकत नाहीत. म्हणजे ७५,००० रुपयांत एफ-१ देणारा माणूस एक तर खोटं बोलतो आहे, नाही तर खरं बोलतो आहे. खरं असेल तर गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण मग त्याने रानातली मादी किंवा नर कुठून तरी आणलेला आहे.

कायदा काय म्हणतो

लेपर्ड कॅट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे. ‘मी विकत घेतलं, पकडलं नाही’ हा बचाव चालत नाही. बाळगणं हाही गुन्हाच.

संकराचं काय? वन्यजीवांच्या व्यापारावरचा ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या याद्या आपल्या कायद्यात आल्या. साइट्सचा दंडक असा, की वंशावळीच्या मागच्या चार पिढ्यांत यादीतला रानटी पूर्वज असेल तर संकरालाही त्या रानटी जातीचेच नियम लागू. यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करायची, हा नियम २०२४ पासून आहे. बेंगालखेरीज आणखी दोन संकरांना हाच दंडक लागतो : सव्हाना म्हणजे आफ्रिकेतल्या सर्व्हल या उंच रानमांजराचा संकर, आणि चौसी म्हणजे आपण ज्याला बाऊल म्हणतो त्या रानमांजराचा संकर. सर्व्हल आणि बाऊल दोन्ही साइट्सच्या यादीत आहेत. सव्हानाला ऑस्ट्रेलियाने तर २००८ मध्येच देशात यायला बंदी केली.

यातून ग्राहकासाठी एकच व्यवहार्य नियम निघतो : पाचव्या पिढीच्या अलीकडचं पिल्लू घ्यायचं नाही, आणि पाचवी पिढी आहे हे कागदावर दिसल्याशिवाय पाचवीसुद्धा घ्यायची नाही. शंका राहिली तर पैसे देण्याआधी नाशिकच्या वन विभागाकडे लेखी विचारा. लेखी उत्तर हातात असलं, की पुढे कोणी काही म्हटलं तर तुमच्याकडे आधार राहतो.

‘इम्पोर्टेड आहे’ असं कोणी सांगितलं, तर आयातीचे कागद मागा. परदेशातून पाळीव मांजर आणायला केंद्राच्या प्राणी विलगीकरण सेवेचं ना-हरकत पत्र लागतं. पाळीव प्राणी असा सोबत आणण्याची सवलत मुळात परदेशात राहून कायमचं परत येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे, विक्रीसाठी मांजरं आणायला नव्हे. ‘विमानतळावर माझी ओळख आहे’ असं म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

कागद कोणते, आणि पैसे कसे

वंशावळीचं प्रमाणपत्र टिका किंवा वर्ल्ड कॅट फेडरेशनसारख्या संस्थेचं असावं आणि त्यात मागच्या पिढ्या नावानिशी असाव्यात. पिल्लाच्या मानेत मायक्रोचिप असावी, १५ आकडी, आणि तो आकडा प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी जुळावा. चिप वाचण्याचं यंत्र विक्रेत्याने तुमच्यासमोर फिरवून दाखवलं पाहिजे. लसींच्या पुस्तिकेवर लसीच्या बाटलीची चिकटपट्टी आणि पशुवैद्यकाची सही, नोंदणी क्रमांक. दुकानातून घेत असाल तर २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत, मांजरांच्या पैदाशीला तसे स्वतंत्र नियम नाहीत. त्यामुळे घरून विकणाऱ्याची सगळी तपासणी ग्राहकालाच करावी लागते.

सगळ्यात मोठी तपासणी म्हणजे आई बघणे. पिल्लू कुठेही, कशातही झाकून दाखवता येतं. ठिपकेदार गावठी पिल्लू ‘बेंगाल’ म्हणून खपवणं अगदी सोपं आहे. आई-बाप, त्यांची राहण्याची जागा, बाकीची भावंडं हे सगळं डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. बारा आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नका. आईपासून लवकर तोडलेलं बेंगाल चावरं होऊ शकतं आणि ती सवय नंतर सहज सुटत नाही.

फसवणुकीचा नेहमीचा डाव असा. आधी दहा हजार आगाऊ. मग पिंजऱ्याचे, मग ‘परत मिळणाऱ्या’ विम्याचे, मग विमानतळावर अडकलं म्हणून आणखी. पिल्लू कधीच येत नाही. असं झालं तर त्याच दिवशी १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. पिल्लू आलं पण आजारी किंवा वेगळ्याच जातीचं निघालं, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र पावती हवी. ‘पक्कं बिल कशाला’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

जाणकारही यात फसतात. २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ‘अशेरा’ नावाची नवी संकरित जात २२,००० डॉलरना बाजारात आणली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये अशा मांजरांची डीएनए चाचणी झाली तेव्हा ती साधी सव्हाना निघाली. घेणारे श्रीमंत होते, शिकलेले होते. त्यांनी वंशावळ तपासली नव्हती, एवढंच.

खर्च

आता आकडे. हे नाशिक-मुंबईकडचे साधारण दर धरून केलेलं गणित आहे. तुमच्या डॉक्टरांचा, तुमच्या दुकानाचा दर वेगळा असेल, तो घालून पुन्हा मांडा.

कागद असलेलं, पाळण्यापुरतं बेंगाल पिल्लू दीड लाख धरा. जाहिरातींत याहून बरंच कमी आणि दुप्पटही दिसेल. मुंबईहून गाडीने आणायला ७,००० रुपये. पहिल्या वर्षीच्या लसी ५,०००, नसबंदी ८,०००, डीएनए चाचण्या ५,०००, हृदयाची सोनोग्राफी ४,०००, शौचाची तपासणी १,०००. खिडक्या आणि गॅलरीला पक्की जाळी ३०,०००. चढायचं झाड, पेटी, लिटरचे म्हणजे शौचाच्या वाळूचे दोन ट्रे मिळून १२,०००. बेरीज २,२२,००० रुपये. पिल्लू घरात येऊन रुळेपर्यंत एवढे गेले.

पुढे दरमहा. कोरडं खाणं दीड किलो, १,२०० रुपये. रोज एक ओलं पाकीट, १,३५०. लिटर ९००. जंत, गोचीड, वार्षिक लसी यांची सरासरी ५००. खेळणी आणि नखं घासायचे खांब २५०. आजारपणासाठी बाजूला १,०००. महिन्याला ५,२००, वर्षाला ६२,४००. बेंगाल बारा ते सोळा वर्षं जगतं. चौदा धरली तर ८,७३,६०० रुपये, आजच्याच भावाने. दोन्ही मिळून जवळजवळ ११ लाख. पिल्लाची किंमत यात सात रुपयांत एक रुपया आहे. म्हणूनच ‘वीस हजार कमी करतो’ या बोलण्याला फार महत्त्व देऊ नका. वीस हजार वाचवून आजारी रक्ताचं पिल्लू घेतलं, तर ते वीस हजार दोन भेटींत संपतात.

लग्नकार्याला, गावाला गेलात की मांजर ठेवायचं कुठे, हा खर्च मी धरलेला नाही. नाशिकला ठेवायचं तर दिवसाला ५०० रुपये आणि जायचा-यायचा प्रवास.

डीएनएचे पैसे वाचवू नका, यावर मी अडून बसेन. बेंगालमध्ये डीएनए चाचणीत कळणारे दोन आनुवंशिक आजार ठाऊक आहेत. एकाने डोळ्याचा पडदा पिल्लूपणापासूनच खराब होत जातो आणि मांजर आंधळं होतं. दुसऱ्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि अंगात रक्त राहत नाही. दोन्हींच्या चाचणीत आई-बाप दोघेही निर्दोष निघाले असतील तर पिल्लाची करावी लागत नाही, म्हणून ती विक्रेत्याकडे आधी मागा. तिसरा आजार हृदयाचे स्नायू जाड होण्याचा. त्याला बेंगालसाठी भरवशाची डीएनए चाचणी नाही, सोनोग्राफीच करावी लागते, तीही एकदाच करून भागत नाही. आणि घरात बरीच मांजरं एकत्र ठेवणाऱ्यांकडून आलेल्या पिल्लांत एका सूक्ष्म परजीवीने महिनोन्‌महिने जुलाब चालू राहतात, म्हणून ती शौचाची तपासणी.

घोटीत राहता म्हणून

मुंबईतल्या फ्लॅटसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

पहिलं डॉक्टर. तालुक्यातले पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभे आहेत आणि तिथल्या डॉक्टरांवर तेवढं कामही आहे. मांजराची नसबंदी, सोनोग्राफी यासाठी पस्तीसेक किलोमीटरवर नाशिक गाठावं लागेल. त्याहून अवघड असेल तर कसारा घाट उतरून मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल. रात्री दोनला बोक्याचं मूत्र अडलं, तर सकाळची वाट बघता येत नाही. दारात गाडी आणि चालवणारा माणूस नसेल त्याने या जातीचा विचार करू नये.

दुसरं पाऊस. जून ते सप्टेंबर इथे भिंती ओल्या असतात. कोरड्या खाण्याला बुरशी येते, मोठी पोती घेऊन ठेवू नका, महिन्याचं आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लिटर सुकत नाही, म्हणून पावसाळ्यात ते दीडपट लागतं. गजकर्ण मांजराला झालं की घरातल्या लहान मुलांनाही सहज होतं. आणि चार महिने घरात कोंडलेलं बेंगाल म्हणजे रोज किमान तासभर कोणीतरी त्याच्याशी खेळायला हवं, नाहीतर ते पडदे, वायर, फडताळं यांच्याशी खेळतं. पाण्याचं त्याला वेड असतं. पिंप, हौद, टाकी यांना झाकण हवंच.

तिसरी गोष्ट विषाची. भातगिरण्या, गोदामं, किराणा, सगळीकडे उंदरांचं औषध टाकलेलं असतं. औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष मांजरातही उतरतं. रक्त न गोठू देणाऱ्या औषधाची लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात : हिरड्या पांढऱ्या, धाप, शौचातून रक्त. व्हिटॅमिन के वेळेत मिळालं तर जनावर वाचतं. औषधाचं रिकामं पाकीट सोबत न्या. तसंच दोन गोष्टी घरात कोणी चुकूनही करू नयेत. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल द्यायचं नाही, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. आणि कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावायचं नाही.

चौथी गोष्ट म्हणजे दाराबाहेर काय आहे. महामार्ग आहे. शेजाऱ्यांच्या कोंबड्या आहेत, आणि बेंगाल खुराड्यापर्यंत पोचलं तर भांडण ठरलेलं. आणि बिबट्या आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये इगतपुरी तालुक्यात एका झोपडीत बिबट्याची मादी व्याली होती, चार बछडे होते, हे इथल्या सगळ्यांना आठवत असेल. अंगणातलं मांजर बिबट्याला सोपं भक्ष्य असतं. उलट बाजूही खरी. आपलं मांजर रानात फिरलं तर पक्षी, सरडे, पाली मारतं आणि पॅनल्युकोपेनियासारखे आजार रानमांजरांपर्यंत नेतं. म्हणून ३०,००० रुपयांची जाळी ही हौस नाही. ती लावायची तयारी नसेल, दार दिवसभर उघडं असणारं कौलारू घर असेल, माळ्यावरून बाहेर जायला जागा असेल, तर मांजर तुमच्याकडे सुखी राहणार नाही आणि फार दिवस राहणारही नाही.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. घरात दिवसभर कोणी असेल, जाळी लागणार असेल, दरमहा पाच-सहा हजार पुढची चौदा वर्षं बाजूला पडणार असतील, तर पाचव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं, आई-बाप तपासलेलं पिल्लू स्वतः जाऊन आण. त्या तिन्हींतलं एक जरी नसेल, तर आणू नकोस. त्याऐवजी गिरणीच्या मागे भाटी व्यालेली असते, त्यातलं एक ठिपकेदार पिल्लू घे. लसी दे, नसबंदी कर, जाळी लाव. टोरी अशाच मांजरांतला होता.

एक शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. या जाहिराती बघून काही जणांच्या मनात येतं, की ठिपकेदार पिल्लं तर आपल्या उसात, गवतात, भाताच्या बांधालाही सापडतात. सापडतात, ती बहुतेक वाघाटीची असतात. मराठीत हे नाव दोन रानमांजरांना लावतात. आपल्या जिल्ह्यात जास्त करून दिसते ती तांबूस ठिपक्यांची, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झालेली मादी किलोभराची. तीही पहिल्या अनुसूचीत आहे. कापणीच्या वेळी पिल्लं दिसतात, लोक त्यांना बिबट्याची बछडी समजून घाबरतात किंवा सुंदर म्हणून घरी नेतात. दुधाने त्यांचं पोट बिघडतं आणि बहुतेक मरतात. जगलीच तर माणसाळत नाहीत.

अशी पिल्लं दिसली तर उचलू नका, फोटोसाठी हातात घेऊ नका. तेवढ्या पट्ट्यातली कापणी एक रात्र थांबवा, माणसं आणि कुत्री लांब ठेवा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आई बहुतेक वेळा अंधार पडल्यावर येते आणि एकेक करून घेऊन जाते.